कमी कॅलरी, भरपूर प्रथिनं : थोड्या दिवसांचा कडक आहार कुणी करावा, कसा करावा, कसा सोडावा

तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्तांच्या याद्या निघतात आणि त्यांच्याबरोबर एक प्रश्नही निघतो : महिनाभरात सहा-आठ किलो उतरतील का? ज्याचं वजन मुळात बरंच जास्त आहे त्याचे उतरू शकतात. दिवसभरात ८०० कॅलरींच्या आत जेवण, त्यात प्रथिनं भरपूर, भात-पोळी-साखर जवळपास बंद, असा एक आहार आहे आणि तो काम करतो. पण तो सोडायचा कसा हे ठरवल्याशिवाय सुरूच करू नये, या मताचा मी आहे. म्हणून इथे सुरुवातीपेक्षा शेवटाबद्दल जास्त लिहिलं आहे.

आधी हे प्रकरण काय आहे ते

नुसता उपास केला तर शरीर चरबी जाळतं, पण त्याबरोबर स्नायूही मोडून खातं. १९७०च्या दशकात अमेरिकेत बोस्टनमध्ये जॉर्ज ब्लॅकबर्न आणि ब्रूस बिस्ट्रियन या डॉक्टरांनी यावर काम केलं. कॅलरी उपासाइतक्या नाही तरी त्याच्या जवळ ठेवायच्या आणि प्रथिनं मात्र पुरेशी द्यायची, म्हणजे स्नायू बऱ्यापैकी टिकतात. प्रथिनांचं माप साधारण असं : आपल्या उंचीला जे वजन योग्य, त्या प्रत्येक किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम. पिष्टमय पदार्थ अगदी थोडे, तेल-तूप चमच्यावर मोजून, वरून पोटॅशियम, मीठ आणि जीवनसत्त्वं. हे सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

आपला उपास याच्या बरोबर उलटा. साबुदाणा, वरी, बटाटा म्हणजे निव्वळ पिष्ट, वर दाण्याचा कूट आणि तूप. त्यामुळे 'मला उपासाची सवय आहे' हा अनुभव इथे फारसा कामाला येत नाही.

देखरेखीचा आग्रह का, तेही सांगतो. १९७६च्या सुमारास अमेरिकेत बाटलीतलं द्रव प्रथिन पिऊन वजन उतरवायची लाट आली. ते प्रथिन जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढलेलं कोलॅजन होतं. त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमायनो आम्ल जवळपास नसतंच. क्षारांचीही पंचाईत. १९७७-७८ मध्ये अशा आहारावरच्या सुमारे ६० जणांच्या मृत्यूची नोंद झाली आणि त्यातले बरेच हृदयाचे ठोके अचानक बिघडून झाले होते. आज तेच कोलॅजन 'त्वचेसाठी' म्हणून सुंदर डब्यांत मिळतं. त्वचेचं काय ते होवो, पण दिवसाच्या प्रथिनांच्या हिशोबात ते धरू नका.

काय मिळतं

वेग मिळतो, आणि वेगाला किंमत असते. पहिल्या पंधरा दिवसांत कपडे सैल झाले की माणसाचा हुरूप टिकतो. 'हळूहळू उतरलेलंच वजन टिकतं' हे आपण सगळे ऐकत आलो आहोत, पण ऑस्ट्रेलियात यावर नीट प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. एका गटाला १२ आठवडे अतिकमी कॅलरींवर ठेवलं, दुसऱ्याला ३६ आठवडे हळूहळू नेलं. वजन १२.५ टक्के किंवा त्याहून जास्त उतरवण्याचं उद्दिष्ट झटपट गटातल्या ८१ टक्क्यांनी गाठलं, सावकाश गटातल्या ५० टक्क्यांनी. पुढच्या तीन वर्षांत मात्र दोन्ही गटांनी उतरलेल्या वजनापैकी साधारण ७० टक्के परत कमावलं. म्हणजे वेगाने घात केला नाही, आणि संथपणाने वाचवलंही नाही. पुढचं जे व्हायचं ते आहार संपल्यावरच झालं.

मधुमेहात मिळणारा फायदा याहून मोठा आहे. ब्रिटनमध्ये रॉय टेलर आणि माइक लीन यांच्या डायरेक्ट या अभ्यासात टाइप-२ मधुमेहाच्या रुग्णांना तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरींच्या शेक-सूपवर ठेवलं. वर्षाअखेर ४६ टक्के लोक औषधांविना मधुमेहमुक्त पातळीवर होते, दोन वर्षांनी ३६ टक्के. १५ किलो किंवा जास्त वजन उतरलेल्यांत तर पहिल्या वर्षी हे प्रमाण ८६ टक्के होतं. एक बारकावा असा की तो आहार कमी कॅलरींचा होता, पण पिष्ट वर्ज्य असलेला नव्हता. म्हणजे जादू प्रथिनांची नाही, वजन उतरण्याची आहे.

आणि भूक? तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर ती अनेकांना अपेक्षेपेक्षा कमी छळते. प्रथिनं पोटात टिकतात, शरीर कीटोनवर, म्हणजे चरबीपासून बनणाऱ्या इंधनावर, चालायला लागतं. छळतो तो कंटाळा.

काय जातं

पित्ताशयातले खडे हा सगळ्यात दुर्लक्षित धोका. वजन भराभर उतरताना पित्तात कोलेस्टेरॉल वाढतं, आणि जेवणात तेल-तूपच नसेल तर पित्ताशय आकुंचन पावत नाही, पित्त साचून राहतं. म्हणून 'शून्य तेल' ही शौर्याची गोष्ट नाही. एका तरी जेवणात दोन चमचे तेल, म्हणजे साधारण १० ग्रॅम चरबी, जायलाच हवी.

बद्धकोष्ठता, तोंडाला वास, थंडी वाजणं, उठल्यावर भोवळ, पाळी मागेपुढे होणं, युरिक अॅसिड वाढून अंगठा ठणकणं हे बाकीचं. स्नायूही थोडे जातातच, प्रथिनं कितीही खाल्ली तरी. भारतीयांसाठी ही बाब जास्त महत्त्वाची आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 'बारीक पण चरबीवाला' भारतीय ही कल्पना जगापुढे मांडली : त्याच बीएमआयच्या (उंचीच्या मानाने वजन किती, याचं माप) गोऱ्या माणसापेक्षा आपल्या अंगात चरबी जास्त, स्नायू कमी. ज्याच्याकडे स्नायूंची शिल्लकच तुटपुंजी, त्याने ती उधळू नये. हात-पाय काडीसारखे आणि पोट पुढे, वजन ६६ किलो, असा माणूस माझ्या मते या आहाराचा उमेदवारच नाही. त्याने वजनं उचलावीत, प्रथिनं वाढवावीत आणि रात्रीचा भात आवरावा.

पहिली पायरी : आपण यात बसतो का

बीएमआय ३०च्या पुढे असेल किंवा लठ्ठपणाबरोबर मधुमेह, फॅटी लिव्हर, शस्त्रक्रियेआधी वजन उतरवायची गरज असं काही ठोस कारण असेल, तर डॉक्टरांशी बोलायला अर्थ आहे. फक्त शेरवानी बसायला हवी असेल तर १२००-१४०० कॅलरींचा, प्रथिनं जास्त असलेला साधा आहार पुरतो. त्यात वजन निम्म्या वेगाने उतरतं, पण पित्ताशय आणि घरातली माणसं दोघंही शांत राहतात.

पुढच्यांनी हा नाद अजिबात करू नये : गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, अठराच्या आतली मुलं, टाइप-१ मधुमेही, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा गंभीर आजार असलेले, नुकताच हृदयविकाराचा झटका आलेले किंवा ठोक्यांची तक्रार असलेले, पित्ताचे खडे असलेले. साठी-पासष्टी ओलांडलेल्यांनीही नाही. आणि कधी काळी जेवण बंद करून बसणं, अधाशासारखं खाऊन उलटी काढणं असा त्रास झाला असेल, तर कडक आहाराची वही उघडूही नका. हा आहार त्या जुन्या दुखण्याला आयतं निमंत्रण देतो.

दुसरी पायरी : डॉक्टर, रक्त आणि औषधांची चिठ्ठी

इथे टाळाटाळ नको. क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, युरिक अॅसिड, यकृताच्या चाचण्या, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), हिमोग्लोबिन आणि एक ईसीजी. चार आठवड्यांपर्यंत जायचं असेल तर मध्येच क्षार पुन्हा तपासायचे.

तपासण्यांपेक्षा मोठा धोका चालू गोळ्यांचा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू ठेवून जेवण तोडलं तर साखर धाडकन खाली येते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गटातल्या गोळ्यांचा धोका आणखी फसवा. पिष्ट बंद केल्यावर त्यांच्यामुळे रक्तात आम्ल साचू शकतं, आणि तेव्हा ग्लुकोमीटरवर साखर ठीकठाकच दिसते. मळमळ, पोटदुखी, धाप लागली आणि घरचे म्हणाले 'साखर तर बरोबर आहे', तरी थेट रुग्णालय गाठायचं. रक्तदाबाच्या गोळ्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या, आठवड्याभरात जड व्हायला लागतात आणि माणूस न्हाणीघरात भोवळ येऊन पडतो. वॉरफरिन, लिथियम किंवा वजनाची इंजेक्शनं चालू असतील तर तेही आधीच सांगायचं. डोस कमी कोण करणार? डॉक्टर. आपण नाही, जिमचा ट्रेनर नाही आणि व्हॉट्सॲपवर फिरणारा तक्ता तर नाहीच.

तिसरी पायरी : हिशोब

उदाहरण घेऊ. एक बाई, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ८४ किलो. या उंचीला योग्य वजन साधारण ५५ किलो. त्याला दीड ग्रॅमने गुणलं की रोज ८२-८३ ग्रॅम प्रथिनं. हिशोब ५५ किलोंचा धरायचा, ८४चा नाही. तिचा रोजचा खर्च १९०० कॅलरींच्या आसपास असेल आणि ती ७५० खात असेल तर तूट ११५०. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. म्हणजे आठवड्याला जेमतेम एक किलो चरबी.

काटा मात्र पहिल्या आठवड्यात तीन किलो दाखवेल. यकृतात आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, संपतं आणि त्याच्या तिपटीहून जास्त पाणी निघून जातं. त्या तीन किलोंत दोन पाण्याचे आहेत हे वहीत पहिल्याच दिवशी लिहून ठेवा, कारण ते परत येणार आहेत.

चौथी पायरी : ताट

मराठी स्वयंपाकघराची खरी अडचण इथे आहे. आपण डाळीला प्रथिनं समजतो. शंभर ग्रॅम कोरड्या तुरीच्या डाळीत २२ ग्रॅम प्रथिनं असतात हे खरं, पण त्याबरोबर ५५ ग्रॅमच्या पुढे पिष्टही असतं. ऐंशी ग्रॅम प्रथिनं नुसत्या डाळीतून घ्यायची तर ३६० ग्रॅम कोरडी डाळ शिजवावी लागेल, म्हणजे १२०० कॅलरी. पातळ वरणाच्या वाटीत तर चार-पाच ग्रॅमच येतात. शेंगदाणे हे मुळात तेलबी. पनीर चांगलं, पण बाजारातल्या नेहमीच्या पनीरमध्ये प्रथिनांपेक्षा चरबीच जास्त असते. हे सगळं बाद नाही, फक्त या काही आठवड्यांसाठी बाजूला.

मांसाहारी असाल तर काम सोपं. सकाळी एक पूर्ण अंडं आणि चार पांढरे : २० ग्रॅम. दुपारी १५० ग्रॅम कोंबडीची छाती : ३३. हे वजन कच्च्याचं, शिजल्यावर ते ११० ग्रॅमच भरतं आणि तिथेच बरेच जण चुकतात. संध्याकाळी १०० ग्रॅम चक्का : १०. रात्री सोललेली १२० ग्रॅम कोळंबी : २३. दोन्ही वेळा मिळून अर्धा किलो भाजी : दुधी, दोडका, पडवळ, कोबी, फ्लॉवर, पालक, मेथी, काकडी. फोडणीला दिवसभरात दोन चमचे तेल, तेही चमच्याने मोजून. बाटली उपडी केली की एका चमच्याच्या ४५ कॅलरींच्या जागी दीडशे कधी गेल्या कळत नाही. सगळं मिळून ७०० ते ७५०. बांगडा पौष्टिक, पण तेलकट. तो खाल्ला त्या दिवशी फोडणीचं तेल कमी. बोंबलात पाणीच फार, पोट भरतं पण प्रथिनं बेताची. सुका जवळा तोंडी लावायला चालेल, मात्र रक्तदाब असेल तर तोही नको.

शाकाहारींना पावडरीशिवाय हे जमवणं कठीण, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. पन्नास ग्रॅम कोरडे सोयाबीन वडे : २६ ग्रॅम. दीडशे ग्रॅम चक्का : १५. व्हे प्रोटीनचे दोन माप : ४८ च्या आसपास. भाजी आणि तेल वरच्याप्रमाणेच. डब्यावर 'दर मापाला' नव्हे, 'दर १०० ग्रॅमला' किती प्रथिनं ते वाचायचं. सत्तरच्या खाली असेल तर उरलेलं काय आहे ते बघा. एफएसएसएआयचा परवाना क्रमांक नसलेला सुटा माल घेऊ नका.

चक्का घरी करा. साय पूर्ण काढलेलं एक लिटर दूध विरजायचं, दही घट्ट लागलं की ओल्या पंचात बांधून रात्रभर नळाला किंवा खुंटीला टांगायचं. सकाळी साधारण पाव किलो चक्का मिळतो. त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड, मीठ, किसलेली काकडी घातली की ते जेवण वाटतं. निवळी ओतू नका, मीठ-हिंग-आलं घालून दुपारी प्या. थोडी दुधातली साखर जाते, पण क्षारही मिळतात.

मीठ तोडू नका, रक्तदाबाच्या रुग्णांनी मात्र डॉक्टर सांगतील तेवढंच. पिष्ट कमी झालं की मूत्रपिंडं सोडियम बाहेर टाकतात आणि डोकेदुखी, गळून जाणं बहुतेकदा त्यामुळेच असतं. आमसुलाचं सार इथे फार कामाचं, फक्त गूळ न घालता. पाणी अडीच-तीन लिटर, रोज एक मल्टिव्हिटॅमिनची गोळी, आणि पोट साफ होत नसेल तर दोन चमचे इसबगोल. पोटॅशियमच्या गोळ्या आपल्या मनाने कधीच घेऊ नयेत, डॉक्टरांनी लिहून दिल्या तरच.

पाचवी पायरी : दिवस कसे काढायचे

दुसरा ते चौथा दिवस वाईट. डोकं दुखतं, चिडचिड होते, कुणी शेजारी वडापाव खाल्ला तरी अपमान वाटतो. त्या दिवसांत घरात कार्य, परीक्षा, लांबचा प्रवास ठेवू नका. व्यायाम म्हणून रोज चालणं आणि आठवड्यातून दोनदा हलकी वजनं : उठाबशा, भिंतीला रेटून दंड, बाटल्या उचलणं. स्नायूंना 'तुमची गरज आहे' हा निरोप त्यातून जातो. धावणं, तासभर झुंबा, ट्रेक सगळं पुढे ढकला.

किती दिवस? नवख्याने दोन आठवडे, डॉक्टर हो म्हणाले तर चार. रुग्णालयांचे कार्यक्रम १२ आठवडे चालतात, पण तिथे दर भेटीला रक्त आणि रक्तदाब बघणारं कुणीतरी असतं.

छातीत धडधड, चक्कर येऊन पडणं, उजव्या बरगडीखाली कळ, सतत उलट्या, भ्रमिष्टासारखं वागणं यांपैकी काहीही झालं तर त्याच क्षणी आहार बंद आणि डॉक्टरकडे. 'आणखी तीनच दिवस राहिलेत' हा विचार नको.

सहावी पायरी : बाहेर पडणं

'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण ज्याने केली त्याने माणूस बरोबर ओळखला होता. अमेरिकेत १९४४-४५ मध्ये अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. प्रयोग संपून जेवण मोकळं झाल्यावरही कित्येकांची भूक आठवडेच्या आठवडे शमेना, पोट भरल्यावरही ते खातच राहिले. त्यात इच्छाशक्तीचा दोष नव्हता, उपाशी ठेवलेलं शरीर असंच वागतं. म्हणून सुटकेचा तक्ता सुरू करायच्या आधी लिहून फ्रिजवर लावायचा.

पहिला आठवडा : दुपारी अर्धी ज्वारीची भाकरी आणि वाटीभर घट्ट वरण, बाकी सगळं तसंच. हजार कॅलरींच्या आसपास. दुसरा : पूर्ण भाकरी, एक पेरू किंवा संत्रं, म्हणजे बाराशे. तिसरा : रात्री मोड आलेल्या मटकीची उसळ, कोळंबी किंवा पावडर निम्मी. चौथा : एका वेळी भात, तोही वाटीने मोजून. पाचव्या-सहाव्या आठवड्यापर्यंत आपल्या उदाहरणातली बाई १६००-१७०० कॅलरींवर येते आणि तिथेच राहते. प्रथिनं मात्र सत्तर ग्रॅमच्या खाली आणायची नाहीत. डायरेक्ट अभ्यासातही नेहमीच्या जेवणावर परतायला दोन ते आठ आठवडे दिले होते, एका दिवसात कुणाला सोडलं नव्हतं.

भाकरी सुरू झाल्यावर तीन-चार दिवसांत काटा दीड-दोन किलो वर जाईल. वहीत लिहिलेले ते पाण्याचे दोन किलो हेच. इथे घाबरून पुन्हा ८०० वर उडी मारणारे खूप असतात, आणि मग वर्षभर हा झोका चालू राहतो. काटा आठवड्यातून एकदाच, त्याच दिवशी, सकाळी. कंबर मोजत राहा, ती जास्त खरं बोलते : बायकांसाठी ८० सेंटिमीटर, पुरुषांसाठी ९० ही भारतीयांची धोक्याची रेघ. स्थिरावल्यानंतर वजन तीन किलोंनी वर गेलं तर काय करायचं, तेही आधीच ठरवा. माझा सल्ला असा की पंधरा दिवस १२००-१४०० वर यायचं, पुन्हा ८०० वर नाही. आणि तीन महिने तरी दुसरी फेरी नको.

केसांचं सांगायचं राहिलं. आहार संपून दोन-तीन महिने होतात, सगळं सुरळीत चाललेलं असतं आणि कंगव्यात मूठभर केस यायला लागतात. झटपट वजन उतरल्याचा हा उशिरा आलेला परिणाम असतो, बहुतेकांचे केस सहा महिन्यांत पूर्ववत होतात. तेलं आणि महागडी सीरम घेण्याआधी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्या.